गुलमेंदीची पुडी

चिपळुणात आमच्या मोहल्ल्यातील बहुतेक घरांना परस आहे, पण परसात ऊन नाही. आमच्याकडे एका अंगाला उंच भिंत, दुसऱ्या अंगाला शेजारच्यांचा जुना फणस. ऊन येते ते सकाळी तासभर. अशा जागेत गुलाबाच्या नुसत्या काड्या वाढतात, कळी धरत नाही. माझ्या सासूबाईंनी तिथे वर्षानुवर्षे बियांपासून एकच झाड वाढवले, ते तेरड्याचे.

त्या त्याला गुलमेंदी म्हणत. उर्दूतले हे नाव उगाच पडलेले नाही. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असते, ते तेरड्यातही असते. पाकळ्या वाटून नखांवर बांधल्या की नखे केशरी होतात. मराठीत म्हणतात, तेरड्याचा रंग तीन दिवस. नखांवरचा रंग मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो.

अम्मींची पद्धत साधी होती. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की माती मोकळी करून बी टाकायचे, वर चिमूटभर बारीक माती. आठवडाभरात रोपे वर येतात. वीतभर अंतरावर एकेक ठेवून बाकीची दुसरीकडे लावायची. पाणी साचू द्यायचे नाही, कारण देठ रसाने भरलेला असतो, लवकर कुजतो. दुपारच्या कडक उन्हात तो मान टाकतो, म्हणून सावली त्याला मानवते. देठ तांबूस असला तर फूल गुलाबी किंवा लाल, पोपटी असला तर बहुधा पांढरे. गौरी-गणपतीच्या सुमारास फुले येतात. शेजारच्या काकू गौरीसाठी मुळासकट रोपे न्यायला येत. अम्मी सांगत, "न्या वहिनी, पण प्रत्येक रंगाचं एक झाड बियाला राहू द्या."

बी गोळा करणे हे खरे कौशल्य. पिकलेल्या बोंडाला बोट लागले की ते फुटते, पाच फाका आत वळतात आणि बी चौफेर उडते. शास्त्रीय नावात त्याला 'इम्पेशन्स' म्हणजे उतावळे म्हटले आहे. घेणाऱ्याने मात्र उतावळे होऊन चालत नाही. आधी बोंडाभोवती मूठ धरायची, मग हलकेच दाबायचे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मी ही बोंडे आठवीच्या वर्गात नेली. कधी तोंड न उघडणाऱ्या मुली किंचाळल्या, हसल्या. बी वहीच्या कागदात बांधून घरी घेऊन गेल्या. पुढे शाळा बंद झाल्या. २०२१ च्या जानेवारीत अम्मी गेल्या. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले. आमच्या घरात माणूस बुडेल इतके पाणी होते. परसातली रोपे गेली, फळीवरचा अम्मींचा बियांचा डबाही गेला. गाळ उपसताना वरची मातीही गेली. त्या गौरीला काकूंनी डोंगराच्या कडेचा रानतेरडा आणला. दुसऱ्या वर्षी जून उजाडला, पाऊस झाला, पण परसात काही उगवले नाही. बाजारात तेरड्याचे बी मिळते, दाट पाकळ्यांचे, देखणे. घ्यावेसे वाटले नाही.

त्याच महिन्यात दहावीचा निकाल लागला. दाखला न्यायला आलेल्या एका मुलीने माझ्या हातात पुडी ठेवली. "टीचर, तुमच्या घरची गुलमेंदी. आम्ही वर राहतो, आमच्याकडे पाणी आलं नव्हतं." पुडीवर तिच्या अक्षरात लिहिले होते: गुलाबी, सफेद, जामनी. अकरावीला पाठवायचे की नाही, हे तिच्या घरी अजून ठरायचे होते. मी तिच्या वडिलांना भेटायला गेले. ती आता बी. एस्सी. करते आहे.

हल्ली मी सगळे बी घरात ठेवत नाही. एक वाटा माझ्याकडे, एक काकूंकडे, बाकी वर्गात. डोंगरावरच्या वस्तीतून येणाऱ्या मुलींना आधी देते. पुडीवर रंग आणि साल लिहायला सांगते. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.