आडनावातले गाव

माणूस गाव सोडतो तेव्हाच ते गाव त्याच्या आडनावात येऊन बसते. पैठणात राहणाऱ्यास पैठणकर म्हणण्याचे कोणास कारण पडत नाही. तेथे सारेच पैठणचे. तो परगावी बिऱ्हाड थाटतो, हा कोण, कुठला, असा प्रश्न नव्या शेजाऱ्यांस पडतो, आणि मग 'कर' हा प्रत्यय कामास येतो. म्हणून हा 'कर' म्हणजे मुक्कामाची खूण नव्हे, प्रस्थानाची खूण होय, असे आम्ही समजतो.

आम्ही स्वतः पैठणकर. आमच्या घराण्याच्या चार पिढ्या मोर्शीस गेल्या. गोदावरीपेक्षा वर्धा आम्हांस जवळची, आणि संत्र्याचा आंबिया बहर कसा उतरला ही आमच्या घरातली पहिली बातमी. अशा स्थितीत म्युनिक येथे नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याचे पत्र आले. त्यास कन्या झाली आहे. तो लिहितो, "काका, आपल्यापैकी कोणी पैठणात राहिलेले नाही. इकडच्या लोकांची जीभही या नावावर अडखळते. मुलीसाठी तरी आडनाव आटोपशीर करून घ्यावे काय?"

प्रश्न रास्त आहे. त्यातून आमच्या वऱ्हाडात गावावरून पडलेली आडनावे कोकणाच्या मानाने थोडीच. येथे देशमुख, देशपांडे, पाटील, चौधरी यांचा भरणा. म्हणजे गावापेक्षा हुद्द्यास मान अधिक. निजामाने 1853 साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभारात दिल्यावर परगण्याच्या वसुलीतले देशमुखांचे जुने महत्त्व ओसरले. आडनाव मात्र जागचे हलले नाही. काम गेले तरी कामाचे नाव उरते, आणि गाव सुटले तरी गावाचे नाव उरते. आडनावे ही अशी मागे राहणारीच वस्तू आहे.

गंमत अशी की, आमचा पुतण्या ज्या देशात आहे तेथेही हाच प्रकार आहे. जर्मनांचा शुल्त्स म्हणजे मुळात गावकऱ्यांकडून देणे वसूल करविणारा अधिकारी. आपला पाटीलच म्हणा ना. आमच्या 'कर'चे काम त्यांच्या भाषेत 'अर' हा प्रत्यय करतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे 1939 ते 1962 पर्यंत न्यायाधीश असलेले फेलिक्स फ्रँकफुर्टर हे नावाने फ्रँकफुर्टचे, परंतु 1882 साली जन्मले व्हिएन्नात, आणि वयाच्या बाराव्या वर्षी गेले अमेरिकेस. फ्रँकफुर्ट त्यांच्या आडनावातच काय ते राहिले.

आडनाव बदलल्याचे उदाहरणही जर्मनीतलेच आहे. हेसच्या राजघराण्यातील एका राजपुत्राने 1851 साली आपल्याहून कमी दर्जाच्या कुळातील स्त्रीशी विवाह केला, तेव्हा तिला व तिच्या संततीस बॅटनबर्ग या लहानशा गावाचे नाव किताब म्हणून देण्यात आले. त्यांचा पुत्र लुई इंग्लंडच्या आरमारात सर्वोच्च पदास चढला. पण 1914 साली जर्मनीशी युद्ध जुंपताच लोकक्षोभामुळे त्यास ते पद सोडावे लागले, आणि 1917 साली आडनावाचे भाषांतर करून 'बर्ग'चा 'माउंट' करावा लागला. त्याचाच मुलगा 1947 साली हिंदुस्थानचा शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला. बॅटनबर्ग गाव मात्र त्या भाषांतरातूनही सुटले नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या कुलाब्याचे. तेथील बेने इस्राएल लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली म्हणविले जात. किहीमचे ते किहीमकर अथवा केहीमकर, पेणचे ते पेणकर. 1948 नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबे इस्रायलात गेली. जी भूमी त्यांनी पूर्वजांची मानली तेथे पोहोचल्यावरही कित्येकांनी कोकणातली ही गावे आडनावात तशीच ठेविली. घरी पोहोचलेल्या माणसानेही वाटेतल्या मुक्कामाचे नाव टाकू नये, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

तेव्हा पुतण्यास आम्ही 'आडनाव ठेव' असेच लिहिले. परंतु लिहिता लिहिता एक शल्य जाणवले. आम्हीच मांडलेल्या न्यायाने त्या मुलीचे खरे आडनाव मोर्शीकर असावयास हवे! तिचा बाप सोडून गेला ते मोर्शी, पैठण नव्हे. आडनावात एकाच प्रस्थानास जागा असते. पुढची सारी प्रस्थाने बिननोंदीची राहतात. येथून जवळच सिंभोऱ्यास वर्धेवर धरण झाले, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांतील लोक उठून इतरत्र वसले. त्यांच्या आडनावांवरून त्यांचे गाव उद्या कोणास कळणार नाही. ते घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितले तरच कळेल.

म्हणून पत्राच्या शेवटी आम्ही दोन ओळी वाढविल्या: "पैठण तिला आडनाव सांगेल, त्याची काळजी नको. मोर्शी तिला तूच सांगावयाची आहे. आणि ती ऐकण्याजोगी झाली की येथे घेऊन ये, म्हणजे उरलेले आम्ही सांगू."