मनमाडला गाडी बदला

पूर्वी मुंबईहून आमच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, यायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागे. तिकडची ब्रॉडगेज, दोन रुळांत अंतर १,६७६ मिलिमीटर. इकडची निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास टाकलेली मीटरगेज, मोजून १,००० मिलिमीटर. या ६७६ मिलिमीटरांपायी माणसं ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि झोपलेली पोरं उचलून अपरात्री एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर धावायची. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आमच्या गावात आली आणि हा प्रकार संपला. निदान मला तसं वाटत होतं. गेल्या महिन्यात कळलं, की अख्खं मनमाड उठून पैठण गेटजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन बसलं आहे.

त्याचं असं झालं. आमच्या हिच्या लॅपटॉपने एका सकाळी डोळे मिटले ते मिटलेच. दुरुस्तीवाल्याने, नाडी सोडताना वैद्य बोलतात तशा आवाजात, मदरबोर्ड गेल्याचं जाहीर केलं आणि आतली एक पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आइस्क्रीमच्या कपाबरोबर लाकडी चमचा मिळतो ना, साधारण तेवढी. एसएसडी म्हणतात तिला. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, म्हणून जातीचं नाव २२८०. नाव ठेवायला आत्याबाई मिळाली नाही की असं होतं.

आणि या चमच्यात माझ्या सासूबाई होत्या.

म्हणजे त्यांचा आवाज होता. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात पैठणच्या घरी त्यांनी माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं आणि दळता दळता आठवतील तेवढ्या ओव्या म्हटल्या. हिने त्या फोनवर उतरवून लॅपटॉपमध्ये ठेवल्या. पुढे फोन बदलला. आता जे काही होतं ते या पट्टीत.

माझा डेस्कटॉप शाबूत होता, पण तो २०१२ सालचा. असली पट्टी लावायची खाच मदरबोर्डवर ठेवायची चाल तेव्हा पडली नव्हती. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आम्ही मिरवतो, आणि घरच्या यंत्राला नेमका हवा तो दरवाजा नाही!

"क्या होना अंकल?" दुकानातल्या पोराने विचारलं. मी पट्टी पुढे केली. "साटा है के एनव्हीएमई?"

स्थळ घेऊन गेल्यावर पहिल्याच वाक्याला गोत्र विचारावं तसं झालं. मी गप्प. त्याने पट्टी उलटी करून तिचे सोनेरी दात पाहिले. दातांत एक खाच असली तर बहुधा एनव्हीएमई, दोन असल्या तर बहुधा साटा. दोघी दिसायला जुळ्या बहिणी, पण बोली निराळी. साटा ही जुन्या हार्डडिस्कची भाषा. एनव्हीएमईचं व्याकरण २०११ साली ठरलं आणि ती बोलतेही कितीतरी भरभर. गंमत अशी, की साटाची पट्टी एनव्हीएमईच्या अडॅप्टरात छान बसते, स्क्रूसुद्धा लागतो, आणि कॉम्प्युटर तिला ओळखही दाखवत नाही. असे संसार आपण पाहिलेले असतात.

आमची एनव्हीएमई निघाली. तिच्यासाठी त्याने दोन अडॅप्टर काढले. एक यूएसबीची डबी. तिच्यात एक चिप असते. ती एका भाषेतला माल उतरवून दुसऱ्या भाषेत चढवते. थोडक्यात, मनमाडचा हमाल. दुसरं नुसतं कार्ड, मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसणारं. ते काही भाषांतर करत नाही, इकडची तार तिकडे जोडून देतं, बस्स. एनव्हीएमईची गाडी मुळात त्याच रुळांवरची. तिला फक्त फलाट हवा असतो.

"ये लेके जाओ अंकल. इसमें दिमागच नै है, खराब क्या होना?"

पस्तीस वर्षं सरकारी नोकरी करूनही बिनडोकपणाची इतकी चोख शिफारस मी ऐकली नव्हती. चारशे रुपये देऊन कार्ड घेतलं. जुना कॉम्प्युटर या पट्टीवरून सुरू होणार नाही, दुसरी डिस्क म्हणूनच चालेल, असंही त्याने बजावलं. मला कुठे सुरू करायचं होतं? मला ऐकायचं होतं.

कार्ड बसवायला भाचा आला. ग्राफिक्सच्या लांबलचक खाचेत ते इवलंसं कार्ड, चौघांच्या बाकावर एकटंच पोर बसावं तसं बसलं. पट्टी खाचेत घातली की तिरकी उभी राहते. तिला नमवून टोकाशी स्क्रू लावायचा. स्क्रू मोहरीएवढा. पाकिटात दोन होते, त्यातला एक हरवण्यासाठी असतो. तो लगेच कपाटाखाली गेला.

पडद्यावर डिस्क दिसली. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच तिने ४८ आकडी किल्ली मागितली. दरवाजाच्या आत दुसरा दरवाजा! लॅपटॉपने आपण होऊन कुलूप घातलं होतं म्हणे. किल्ली मामीच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असेल, असं भाचा म्हणाला, आणि त्या खात्याचा पासवर्ड हिच्या वाण्याच्या वहीत, शेंगदाणे आणि साबुदाणा यांच्यामध्ये सापडला. मी एकेक आकडा वाचत होतो, ही डोळे मिटून बसली होती.

फाइल उघडली. नुसती घरघर.

"मामा, बंद करा!" भाचा दचकला. "डिस्क घासतेय! पण हिच्यात तर फिरणारं काहीच नसतं..."

"जातं आहे ते," ही म्हणाली.

मग ओव्या आल्या. एक झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्येच जातं थांबलं आणि सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापूंनी चहा घेतला का गं?"

"घेतला गं आई," ही पडद्याकडे बघत म्हणाली.

खरं तर घेतला नव्हता. सकाळपासून कुणाला आठवणच झाली नव्हती.