नवे टायर आणि हातात थरथरणारे स्टिअरिंग



शेतीच्या साप्ताहिकात मोटारीच्या चाकाची गोष्ट कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण आज नेकनूरसारख्या गावातून फेरफटका मारा. ज्या घरापुढे पूर्वी बैलगाडी सोडलेली असे, तिथे आता एखादी जीपगाडी किंवा छोटी मोटार उभी दिसते. ही गाडी आता हौसेची राहिलेली नाही. बाजाराला भाजी तीच नेते, खताच्या गोण्या तीच आणते, आणि रात्री-अपरात्री घरात कुणाचे दुखणे वाढले की बीडच्या दवाखान्याची वाटही तीच धरते. तेव्हा बैलाच्या खुराकडे आपण जितके लक्ष देतो, तितके या गाडीच्या चाकाकडे दिले पाहिजे.

कांद्याची नाहीतर कापसाची पट्टी हाती आली, की पुष्कळ जण टायर बदलतात. आणि मग चार दिवसांनी तक्रार येते, "साहेब, जुन्या गुळगुळीत टायरवर गाडी झकास चालत होती. नवे टाकले अन् इस्टेरिंग हातात ठरंना झालंय." गावोगाव पिके पाहत फिरताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की तिचे निदान आता तांबेऱ्यासारखे पाठ झाले आहे.

यातली एक गंमत आधी ध्यानात घ्या. गावात गाडी वीस-तीसच्या वेगाने चालते. तेवढ्या वेगात चाकाचा दोष बोलत नाही. नेकनूरहून निघून मांजरसुंब्याला धुळे-सोलापूरचा चौपदरी रस्ता लागला, काटा ऐंशीच्या पुढे गेला, की मग स्टिअरिंग थरथरू लागते. नव्वदच्या आसपास ते सर्वांत जास्त असते, आणि शंभरच्या पुढे पुष्कळदा कमीही होते. त्यामुळे टायर बसवून देणाऱ्याच्या दारात गाडी निर्दोष वाटते आणि घरची माणसे घेऊन दूरच्या प्रवासाला निघाल्यावर दोष उघडा पडतो.

असे का होते? गोफण आठवा. ज्वारीच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवताना तिच्यातला दगड हात बाहेर ओढतो. गोफण सावकाश फिरवली तर ओढ थोडी, जोरात फिरवली तर फार. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. चाकाच्या एका बाजूला पन्नास ग्रॅम वजन जास्त असले, तर तो गोफणीतला दगडच समजा. मध्यम मोटारीचे चाक ताशी नव्वद किलोमीटरला सेकंदात सुमारे तेरा वेळा फिरते. एवढ्या वेगात ते पन्नास ग्रॅम सुमारे सहा किलोच्या जोराने चाकाला ओढतात, आणि सेकंदातून तेरा वेळा ओढीची दिशा फिरते. पुढच्या चाकाला स्टिअरिंगच्या दांड्या जोडलेल्या असतात, म्हणून तो हिसका थेट तुमच्या तळहातात येतो. विशिष्ट वेगालाच तो जास्त का, याचे उत्तर नागपंचमीच्या झोक्यात आहे. झोक्याला बरोबर वेळ साधून हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. गाडीच्या पुढच्या भागालाही आपला एक झोका असतो, आणि नव्वदच्या सुमारास चाकाचे धक्के त्या झोक्याच्या तालावर पडतात.

कडबा कुट्टीचे यंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. जड चाकावरचे एक पाते बदलले आणि नवे पाते जुन्यापेक्षा जड निघाले, तर सारे यंत्र नाचू लागते. मळणी यंत्राच्या ड्रमचेही तेच. टायर कारखान्यातून कितीही चांगला आला तरी त्याचे रबर सगळीकडे तोळामाशाने सारखे नसते, आणि रिमही तशी नसते. दोन्हींची जड बाजू एकाच ठिकाणी आली की फरक वाढतो. म्हणून नवा टायर चढवल्यावर चाक यंत्रावर फिरवून हलक्या बाजूला वजनाच्या पट्ट्या लावतात. याला सगळेच बॅलन्सिंग म्हणतात. हे वजन रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना लावावे लागते. नुसते बाहेर लावले तर चाकाचा वरखाली उडण्याचा दोष जाईल, पण डावे-उजवे डुलण्याचा राहील, आणि स्टिअरिंगला तोच अधिक जाणवतो.

जुना टायर काढताना जुने वजन निघते, किंवा तसेच राहून नव्या टायरला उलटे पडते. म्हणून जुना टायर गुळगुळीत असूनही तोलात होता आणि नवा कोरा असूनही तोलात नाही, यात आश्चर्य काहीच नाही.

इथे मात्र मी तुम्हाला थांबवतो. पान पिवळे पडले की थेट युरियाची गोणी फोडणारे शेतकरी मला ठाऊक आहेत. पिवळे पान नत्राने होते, लोहाच्या कमतरतेने होते, मुळाशी पाणी साचूनही होते. स्टिअरिंगची थरथर तशीच आहे. ती कोणत्या वेगाला येते आणि कुठे जाणवते, हे आधी पाहावे. स्टिअरिंग हलते तर दोष बहुधा पुढच्या चाकात. स्टिअरिंग स्थिर, पण सीट आणि फरशी थरथरते, तर मागच्या चाकात. फक्त ब्रेक दाबल्यावर हलते, तर टायरचा काही संबंध नाही, ब्रेकची डिस्क पाहा. आणि वीस-तीसच्या वेगालाच गाडी डुलते किंवा चाकातून कट-कट आवाज येतो, तर ते बॅलन्सिंग नव्हे. त्या वेळी गाडी बाजूला घ्या, खाली उतरा आणि चाकाचे नट पाहा.

असे आग्रहाने सांगतो, कारण आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या दारात मी हे पाहिले आहे. गाव त्यांना अण्णा म्हणते, आपणही तेच म्हणू. कांद्याच्या पैशातून त्यांनी जीपगाडीला चार नवे टायर घातले. घरात लेक बाळंतपणाला आलेली, नववा महिना लागलेला. वहिनींनी निक्षून सांगितले, "ही गाडी अशी थरथरती असंल तर मी पोरीला हिच्यात बसू देणार न्हाई." अण्णा दोन ठिकाणी गाडी दाखवून आले होते. एकाने सांगितले, स्टिअरिंगचा बॉक्सच गेला आहे, आणि हजारोंचा आकडा ऐकवला. दुसरा म्हणाला, टायरचा माल खराब. अण्णा टायर परत करण्याच्या विचारात होते.

मी विचारले, थरथर कधी येते? ते म्हणाले, "ऐंशीला तर येतीच, पर आता गल्लीत वळतानी बी कट-कट वाजाया लागलंय." गाडीतला पाना काढून पुढच्या डाव्या चाकाला लावला. पाच नटांपैकी दोन नट हाताच्या जोरावर फिरले, पाऊण-पाऊण आटा. चाक उतरवून पाहिले तर हबवर गंजाचे खवले आणि चिखल, आणि त्यावरच चाक दाबून बसवलेले. गाडी चालताना तो थर चुरत गेला आणि नट सैल पडले. रिमची भोके अजून लांबट झालेली नव्हती, हे नशीब. ती लांबट झाली असती, किंवा बोल्टचे आटे खाल्ले गेले असते, तर रिम आणि बोल्ट दोन्ही बदलल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर आणायची नव्हती. त्याच अवस्थेत ती मांजरसुंब्याच्या घाटात गेली असती तर काय झाले असते, ते वहिनींना कुणी सांगावे लागले नाही.

तारेच्या ब्रशने हब आणि रिमची बैठक घासून चाक पुन्हा बसवले. कट-कट गेली. पण चौपदरीवर नव्वदला हलकी थरथर राहिलीच. मग उलगडा झाला. टायर घातले त्या दिवशी दुकानात लाईट नव्हती. बॅलन्सिंगचे यंत्र बंद होते. "पुढल्या खेपेला करून घ्या," असे सांगून गाडी सोडली होती. दुसऱ्या ठिकाणी चारही चाके तोलून घेतली, काही शे रुपयांत काम झाले. एकाच गाडीत दोन आजार होते, आणि त्यांतला कोणताही स्टिअरिंगच्या बॉक्सचा नव्हता.

चाक बसवण्याची रीत इथेच सांगून टाकतो. नट एका ओळीने आवळू नयेत. एक आवळला की समोरचा, मग पुन्हा पलीकडचा, असे आलटून-पालटून घ्यावे. आधी सगळे हलके, मग गाडी जॅकवरून उतरवून पक्के. नटाची निमुळती बाजू रिमकडे हवी. आट्यांना तेल-ग्रीस लावू नये. जोर किती लावायचा हे गाडीच्या पुस्तकात असते. लहान मोटारीला तो साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगल्याइतका असतो. पान्यावर उभे राहून नाचण्याचे कारण नाही. त्याने बोल्ट ताणला जातो. आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. आपल्या वाडवडिलांना हे कळत होते. लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव उन्हाळ्यात लाकूड सुकून सैल पडते, म्हणून ते चाके पाण्यात भिजवत आणि धाव ठोकून पाहत.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. आपल्या काळ्या रानातून गाडी निघाली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि तिथेच वाळून विटेसारखा होतो. पन्नास ग्रॅमचा हिशेब वर सांगितलाच, इथे तर पावशेर-अर्धा शेर माती एका बाजूला चिकटलेली असते. पैसे खर्च करण्याआधी चारही चाके आतून पाण्याच्या जोराने धुवा. कित्येकदा इतक्यावरच काम भागते.

टायरची हवा चाक थंड असताना तपासा, आणि आकडा शेजारच्याला न विचारता चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर पाहा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरतात, तसे जीपगाडीत भरले तर बरे नाही का, असे एका तरुणाने मला विचारले होते. मुळीच नाही. ट्रॅक्टर नांगरटीला सावकाश चालतो. रस्त्यावर धावणाऱ्या चाकात ते पाणी तोल बिघडवील.

बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली, तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे करून पाहा. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष चाकातच आहे. मग पुढच्या बाजूला जॅक लावा. जॅक लावण्याआधी मागच्या चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये. टायरच्या नक्षीजवळ खडू स्थिर धरून चाक सावकाश फिरवा. खडू एका जागी लागतो आणि दुसरीकडे सुटतो, तर रिम वाकडी आहे किंवा टायर नीट बसलेला नाही. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नसेल तर हवा सोडून, कडेला साबणाचे पाणी लावून टायर पुन्हा बसवावा लागतो. काही नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची हलकी बाजू. ती हवेच्या व्हॉल्व्हसमोर आली, तर वजन कमी लावावे लागते. चांगला कारागीर हे न सांगता करतो.

अलाइनमेंट ही वेगळी गोष्ट. तिच्यात चाकांची दिशा आणि कल जुळवतात. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो, नव्वदच्या थरथरीचे कारण ती सहसा नसते. नवे टायर घातल्यावर ती करून घ्यावीच, पण "अलाइनमेंट केली, आता थरथर जाईल" असे कुणी म्हणाले, तर बॅलन्सिंग केले का, एवढे विचारा.

हवेचा टायर व्यवहारात आणला तो जॉन बॉइड डनलॉप यांनी, बेलफास्टमध्ये, १८८८ साली. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तशी सनद घेतली होती, हे मागाहून उजेडात आले. डनलॉप व्यवसायाने गुरांचे डॉक्टर होते, आणि पहिला टायर त्यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केला. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीला अजून डनलॉपची गाडी म्हणतात, ते नाव असे आले आहे.

नवा टायर घेताना त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेला आहे. वर्षानुवर्षे गोदामात पडलेला माल नव्याच्या भावात घेऊ नका. आणि टायर बसल्यावर व्हॉल्व्हसमोर टायरच्या कडेवर खडूची एक खूण करा. शे-दीडशे किलोमीटरनंतर खूण सरकलेली दिसली, तर रिमवर टायर घसरला आहे. टायर चढवताना तेलकट पदार्थ जास्त लावला की असे होते, आणि केलेला तोल वाया जातो. तेवढ्यासाठी पुन्हा त्याच दुकानात जाऊन हक्काने चाक तोलून मागावे. त्या वेळी स्टेपनीही उतरवून द्या. तिचे बॅलन्सिंग सगळेच विसरतात, आणि पंक्चर झाल्यावर रात्री ती पुढच्या चाकाच्या जागी चढते.