एकच बार

परवा गणपतीला तुडीलला गेलो, तर हात धुतो न धुतो तोच चुलतभावाने कागद पुढे केला. ‘‘दादा, इथं सही.’’ काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्याला आपल्या नावावर करून हवा होता, आणि पुढे काडतुसाच्या दुनळीसाठी अर्ज करायचा होता.

ठासणीची बंदूक शहरात कोण पाहणार? नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंध्यांचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. तोवर डुकरे भात तुडवून शेजारच्या शेतात! दारू सर्दावली असली तर बार नुसताच फुसका. १९५९ च्या हत्यार कायद्यात पीकरक्षणासाठी हिचीच वेगळी नोंद आहे. अर्थात डुक्कर मारायचे तर आता वनखात्याची परवानगी लागते. काका बार हवेतच काढत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून हरणांसाठी चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम आहे. जुन्या हत्याराची अडचण, म्हणून ही सवलत. पुढे १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी नव्या घडणीची ठासणीची बंदूक काढली. अशा बंदुकांवर दुर्बिणी चढल्या, दारूच्या तयार वड्या आल्या, आणि इतर राज्यांच्या हंगामांत त्या शिरल्या. नाव ठासणीचे, नेम मात्र रायफलीचा! जुने शिकारी चिडले, ते मला पटते.

पण भावापुढे हे कोणत्या तोंडाने बोलणार? ‘‘जागरण मला करायचंय, दादा. एक बार उडाला की रात्रभर नुसता डबा वाजवत बसायचं.’’ खरेच होते ते. त्याचे भात जाते. मी पुण्यात तांदूळ विकत घेतो.

मी सही केली. मग त्याला एक रात्र सांगितली. मी दहा-अकरा वर्षांचा. माळ्यावरून न सांगता खाली उतरलो होतो. भातात काही हलले तशी काकांनी बंदूक खांद्याला लावली. बराच वेळ तशीच धरली. मग हाक आली, ‘‘कोन हाय रं?’’ मी ओ दिली. घोडा अलगद उतरवून ते एवढेच म्हणाले, ‘‘एकच बार असतो बाबा, म्हणून बघत बसलो.’’

भावाने कागदाची घडी घातली, पण खिशात ठेवली नाही. ‘‘कुठल्या बांधाला होतास रे तू?’’ त्याने विचारले.