बसायला जागा

सुट्टी लागली की मी अहमदाबादहून थेट नातेपुत्याला जात नाही. मधे एखादं शहर घेते, तिथं दिवस काढते आणि मग घरची एसटी पकडते. जोडून सुट्ट्या आल्या तर नुसती शहरंही करते. हैदराबादला चारमिनारला खेटून असलेल्या निमराहमध्ये उस्मानिया बिस्किट चहात बुडवायचं, बंगळूरच्या गांधी बाजारात विद्यार्थी भवनचे वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत रचून कसे आणतात ते बघत बसायचं, पणजीत कॅफे भोसलेत भाजी-पाव खायचा. किल्ले, राजवाडे, संग्रहालयं दुपारनंतर. सकाळ त्या गावच्या चहा-कॉफीच्या जागेची.

याचं मूळ नातेपुत्यातच आहे. मी वाढले तेव्हा स्टँडजवळच्या हॉटेलात पोरींनी, बायकांनी बसायची रीत नव्हती. तसा नियम कुणी लिहून लावला नव्हता, पण सगळ्यांना तो पाठ होता. वडिलांबरोबर गेलंच तर मागच्या बाजूला पडदा लावलेली फॅमिली रूम असायची. तिथं भजी लवकर लवकर खाऊन निघायचं. पुढच्या बाकांवर पेपर वाचत, उसाच्या दराबद्दल वाद घालत गावातली पुरुषमंडळी तासन्‌तास बसलेली असत, आणि मला त्या बसण्याचा हेवा वाटे. आई तर त्या हॉटेलात कधीच बसली नाही. तिच्यासाठी पुडक्यात बांधून आणायचं.

म्हणून जिथं एका कपाच्या पैशात बाईमाणसाला एकटीनं, पुढच्या टेबलाशी, हवा तितका वेळ बसता येतं, ती जागा मला मोठी वाटते. अहमदाबादेत लाल दरवाजाजवळ लकी म्हणून हॉटेल आहे. तिथं टेबलांच्या मधे चक्क कबरी आहेत. भोवती बुटक्या जाळ्या, वर ताजी फुलं, आणि शेजारी लोक मस्का-बन खात बसलेले. भिंतीवर मकबूल फिदा हुसेनांनी दिलेलं चित्र आहे. परगावच्या पाहुण्यांना ते अजब वाटतं. मला तिथं पहिल्या दिवसापासून निवांत वाटलं, कारण कोणी वळून बघितलं नाही.

या खेपेला आषाढ लागला होता. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला यायच्या आदल्या दिवशी घरी पोचायचं ठरवलं होतं, त्यामुळे मुंबईला एकच दिवस होता. रात्रीच्या गाडीनं सकाळी उतरले ती धोबी तलावावर क्यानीत जाऊन बसले. १९०४ सालचं हे इराण्याचं दुकान मेट्रो सिनेमासमोर आहे. काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकडीचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यझ्द-केरमान भागातून झरतुष्ट्री लोक मुंबईत आले आणि त्यांनी चौकाचौकात अशी दुकानं थाटली. कोपऱ्यावरचे गाळे आपल्याकडचे व्यापारी अशुभ मानून घेत नसत, म्हणून ते इराण्यांना मिळाले, असं सांगतात. कोपऱ्यामुळे दुकानाला दोन्ही रस्त्यांचा उजेड मिळाला, दोन्हीकडची गिऱ्हाइकं मिळाली. मी ब्रून-मस्का आणि पानी कम मागवला. ब्रूनची कड इतकी कडक असते की चहात बुडवल्याशिवाय दात लागत नाही. मग लोणी चहावर तवंग धरतं आणि शेवटचा घोट खारट-गोड लागतो. माझ्या टेबलाला एक पोलीस हवालदार, एक कॉलेजातली मुलगी आणि मी होतो. पाऊस जोरात आला तसे तिघांनीही दुसरा चहा सांगितला.

दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव खाल्ला. १९२३ पासूनची ही जागा, आणि त्या भातावरची आंबट लाल बेरी इराणची. चव सुरेखच, पण तिथं रांग लागलेली असते आणि जेवून उठावं लागतं. टेकायची जागा ती नव्हे.

संध्याकाळी पाच दहाची डेक्कन क्वीन घेतली. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीला आजही डायनिंग कार आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यांत न्यारं कॅफे तेच. २०२२ मध्ये गाडीला नवे डबे आले, तेव्हाही हा डबा राखला हे फार चांगलं केलं. कर्जतला मागून इंजिन लागतं, मग घाट सुरू होतो. खिडकीबाहेर पाण्याच्या धारा उतरत असतात, आणि तुमच्यापुढे बशीत कटलेट किंवा चीज टोस्ट. बोगद्यात शिरलं की काचेत सगळ्या टेबलांवरचे चेहरे दिसतात. समोर बसलेल्या बाई दर आठवड्याला मुंबईला मंत्रालयातल्या कामासाठी ये-जा करणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "घरी पोचलं की स्वयंपाक आहेच. ही वीस मिनिटं माझी." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि लोणावळ्यापर्यंत आम्ही काही बोललो नाही.

पुण्यात रात्र मैत्रिणीकडे काढली. सकाळी डेक्कनला गुडलकमध्ये गेले. १९३५ चं हे हॉटेल माझ्या आयुष्यातलं पहिलं बसणं आहे. फर्ग्युसनला शिकत असताना एका दुपारी तास रिकामा होता, म्हणून एकटीच आत शिरले. वेटरनं न विचारता पाण्याचा ग्लास ठेवला, मी बन-मस्का सांगितला, पुस्तक उघडलं. कोणी उठवलं नाही. त्या तासानं मला जे दिलं ते सांगायला मोठे शब्द लागतील, आणि मी ते खुशाल वापरते: त्या दिवशी मला वाटलं, हे शहर माझंही आहे.

स्वारगेटहून एसटी भरून निघाली. बसमध्ये निम्म्याहून अधिक बायका. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्ध्या दरात मिळू लागलं, तेव्हापासून या रस्त्यावरच्या गाड्यांचं रूपच पालटलंय. लेकीकडे, दवाखान्याला, जेजुरीला, नाहीतर नुसतंच भावाला भेटायला निघालेल्या बायका. माझ्या शेजारच्या मावशी सासवडपर्यंत होत्या. "आधी मालकांना विचारावं लागायचं तिकिटाच्या पैशासाठी. आता दळणाच्या पैशात भागतं," त्या म्हणाल्या. सवलतीनं महामंडळाचं काय होतं यावर शहाणी माणसं भांडोत. मला ही बसलेली बाई दिसते.

दिवे घाट चढून गाडी सासवडला आली. रसवंतीगृहांवर महाराष्ट्रभर 'कानिफनाथ', 'नवनाथ' अशी नावं दिसतात, त्याचा उगम इथं आहे. सासवडजवळ बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे, आणि पुरंदर तालुक्यातली मंडळी घुंगरं बांधलेला चरक घेऊन गावोगाव गेली. सासवडचे माळी शेतकरी तर आमच्याच तालुक्यात आले. नीरा उजव्या कालव्यानं फलटण-माळशिरसचा माळ भिजणार असं दिसल्यावर त्यांनी इकडे ऊस लावला आणि १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना उभा केला. नाव मात्र सासवड माळी शुगर फॅक्टरी. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाला सासवडहून भुतोजी तेल्याची कावड येते. ती आमच्या कोथळ्याच्या बाजूनं मुंगी घाट चढते. उभ्या कड्यावर माणसांची साखळी करून पाण्यानं भरलेली कावड वर नेतात. सासवड आणि माझं गाव यांच्यात माणसं अशी कधीपासून येत-जात आहेत, आणि मी त्याच रस्त्यानं घरी जातेय याचा मला दरवेळी आनंद होतो.

जेजुरी, वाल्हे मागे पडलं. पालखी पुढं फलटण ओलांडून गेली होती, म्हणून नीरेपासून वाहतूक बारामतीकडे वळवलेली. मग डाव्या कालव्याच्या कडेनं बारामती, पुढं वालचंदनगर. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी माळरानावर वसवलेली ही कारखान्याची वसाहत. तिथून नीरा नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा आणि थोड्या वेळात नातेपुते. उशीर झाला, पण कुरकुर कोणी केली नाही. माउलींसाठी रस्ता सोडायचा असतो.

घरी ओट्यावर आधीच धुणं झालं होतं. आईनं दोन पायल्या ज्वारी दळून ठेवलेली, शेंगदाण्याची चटणी कुटून डब्यात भरलेली. काकू आणि वहिनी चुलीसाठी अंगणात विटा मांडत होत्या. शहरातलं काय काय बघितलंस असं कोणी विचारलं नाही. आई म्हणाली, "आलीस? बरं झालं. पिठाची परात घे."

दुसऱ्या दिवशी धर्मपुरीला पालखीनं जिल्ह्यात पाऊल ठेवलं आणि दुपारनंतर गावात माणूस मावेना. पुढं सत्तावीस दिंड्या, मधे रथ, मागं पुन्हा दिंड्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिलेली ही शिस्त अजून पाळतात. हे सगळं टीव्हीवर दिसतं. टीव्हीवर दिसत नाही ते गल्लीतलं. ज्या गावात बाईला हॉटेलच्या बाकावर बसायला संकोच, त्याच गावात त्या दिवशी बायका वाट्टेल तिथं बसल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बँकेच्या दारात, ग्रामदैवताच्या पारावर, रस्त्याच्या मधोमध पाय लांब करून. डोक्यावरचं तुळशी वृंदावन शेजारी उतरवलेलं. कोणी पायांना तेल चोळतंय, कोणी पान लावतंय, कोणी झोपलंय. "बसा की माउली, टेका जरा," एवढंच जो तो म्हणत होता.

आमच्या ओट्यावर परभणीकडच्या बायका होत्या. भावानं लाकडी फळीवर प्लगचे बोर्ड ठोकले होते आणि त्यावर मोबाइल चार्जिंगला लावलेले. प्रत्येक मोबाइलला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर दिंडीचा नंबर. एका आजींचा साधा बटणांचा फोन होता, त्याला रबर गुंडाळलेलं. त्यांना पट्टी नको होती. "माझा मला वळखतो," म्हणाल्या. पाय सुजले होते तरी भाकरी थापायला बसल्या, आई नको नको म्हणत असताना. त्यांची भाकरी आमच्यापेक्षा पातळ आणि मोठी. हातावर फिरवताना काठाला एक चीर जात नव्हती. काकूंनी दोनदा बघून घेतली आणि मग त्यांच्यासारखी करायचा प्रयत्न केला. जेवताना त्या सांगत होत्या: घरी शेत आहे, दोन सुना आहेत, वर्षभर बसायला फुरसत नाही. वारीत चालते, म्हणून बसायला मिळतं.

मी ताट घेऊन त्यांच्याजवळच बसले. एवढी शहरं हिंडून ज्या गोष्टीच्या शोधात मी असते ती या बाई दरवर्षी आळंदी ते पंढरपूर चालून मिळवतात. त्यांच्या बसण्याला कपभर चहाचेही पैसे पडत नाहीत, कारण सगळा रस्ताच त्यांना आपला मानतो. हे वर्षातून एका रात्रीपुरतं का, हा प्रश्न मला सतावतो, आणि तो गावाला विचारायला हवा.

रात्री तळावर समाजआरती झाली. चोपदारांनी चोप उंच केला आणि टाळ-मृदंगाचा तो सगळा कल्लोळ थांबला. मग दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या. पहाटे पालखी हलली. पुरंदवड्याचं गोल रिंगण बघायला भाऊ आणि पोरं गेली. आम्ही बायका भांडी घासत बसलो.

दुपारी आईला म्हटलं, "चल, चहा पिऊन येऊ." तिनं "घरात चहा संपला काय?" असं विचारलं, पण लुगड्याची घडी बदलून निघालीही. अलीकडे गावात एका पोरीनं कॅफे काढलंय. पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, मग परत आली. रंगवलेल्या पिंपांवर फळ्या टाकून टेबलं, छताला बांबूच्या टोपल्यांतले दिवे, एका भिंतीवर जुन्या एसटी तिकिटांची फ्रेम. कोल्ड कॉफी, मॅगी, आणि आमच्या भागाला शोभेल असा हुरड्याचा मौसमी पदार्थ. रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्या न थांबता पुढं पळतात, त्यामुळे महामार्गावरचं गिऱ्हाईक तिला फारसं नाही. तिचं गिऱ्हाईक कॉलेजच्या मुली. चौघी खिडकीशी वह्या पसरून बसल्या होत्या. पडदा कुठंही नव्हता.

आईनं आधी दाराजवळची खुर्ची धरली. मी मधल्या टेबलाशी बसले तशी तीही आली. कोल्ड कॉफी तिला गोड लागली, तिनं निम्मी मला दिली आणि आल्याचा चहा सांगितला. चहा आल्यावर ती घाईनं पिईल असं मला वाटलं होतं. तिनं कप ठेवला, पाठ टेकली आणि त्या पोरीला दूध कुणाकडून घेतेस, लिटरला काय पडतं, भाडं किती, सगळं विचारून घेतलं. दूध महाग पडतंय, आमच्या आळीतल्या अमक्याकडे स्वस्त मिळेल, हेही सांगितलं.

उठताना म्हणाली, "मंगळवारी दुपारी आमचं भजनी मंडळ मोकळं असतं. आठ-दहा जणी येऊ. बसता येईल ना?"

पोरीनं लगेच दोन टेबलं जोडून दाखवली. आईनं खुर्च्या मोजल्या, म्हणाली अजून दोन लागतील, आणि पैसे देण्यासाठी कमरेची पिशवी काढली.