बहादूरचं गाव कुठलं?

परदेशात भूकंप झाला, वादळ आलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात मेल हमखास येतो. 'जुने कपडे, ब्लँकेट्स आणा. बॉक्स रिसेप्शनजवळ ठेवलाय.' मग काय! घट्ट झालेल्या जीन्स, लग्नात आहेर आलेल्या साड्या, कुठल्याशा कॉन्फरन्सचे टी-शर्ट... सगळं त्या बॉक्समध्ये. मन हलकं, कपाट त्याहून हलकं. पण बॉस, तो बॉक्स पुढे जातो कुठे?

२००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४,००० टन औषधं पोचली. गरजवंतांची संख्या २० लाखांच्या आत. बऱ्याच औषधांची लेबलं तिथल्या लोकांना वाचताच येईनात, काहींची मुदत संपत आलेली. शेवटी शेकडो टन औषधं नष्ट करावी लागली. आपल्याकडे तमिळनाडूत, नागपट्टणमला, जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. पाठवणाऱ्यांची भावना शंभर टक्के खरी होती. 'तुम्हाला काय हवंय?' एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

पण विचारायचं कुणाला? आमच्या देऊळगाव राजात या प्रश्नाचं उत्तर रात्री शिट्टी वाजवत फिरायचं.

देऊळगाव राजा म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं बालाजीचं गाव. आमच्या गल्लीत एक नेपाळी गुरखा होता. हातात काठी, महिन्याला घरटी वीस रुपये, आणि नाव अर्थातच 'बहादूर'. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. जवळपास ९,००० माणसं गेली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. रविवारी सकाळी बाबांचा फोन : "अरे, आपला बहादूर कालपासून घरी फोन लावून राहिलाय. लागतच नाही."

त्याचं गाव गोरखा जिल्ह्यातलं. ज्या जिल्ह्यावरून 'गुरखा' हा शब्द आला, तोच जिल्हा. आणि भूकंपाचं केंद्रही तिथेच, बारपाकजवळ! टीव्हीवरचा परदेश एकदम आमच्या ओट्यावर येऊन बसला.

गल्लीने आधी त्याच्या मोबाईलचं रिचार्ज केलं. तिसऱ्या दिवशी फोन लागला. माणसं वाचली होती, घर नव्हतं. कुणी चादरी आणल्या, कुणी भांडी. बहादूर हात जोडून म्हणाला, "कपडा नको साहेब. पत्रे पाहिजेत. पाऊस येईल." पण पत्रे काय, तिकडेही मिळतात. म्हणजे लागणार होता पैसा. संध्याकाळपर्यंत साडेआठ हजारांची वर्गणी जमली. जालना, मनमाड, गोरखपूर, सोनौली असं करत तो घरी पोचला आणि पावसाआधी डोक्यावर पत्रे आले.

दसऱ्याच्या सुमारास, टीव्हीवाले नेपाळला विसरले तेव्हा, गल्लीने दुसरी वर्गणी काढली. रिझर्व्ह बँकेच्या योजनेमुळे २००८ पासून भारतातल्या बँकेतून नेपाळला पैसे पाठवता येतात. फॉर्मवर पूर्ण नाव लागतं. बारा वर्षं रात्री जागणाऱ्या माणसाचं खरं नाव गल्लीला त्या दिवशी कळलं!

आता म्हणाल, प्रत्येक देशाचा बहादूर आपल्या गल्लीत थोडाच असतो? बरोबर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, ५० हजारांहून जास्त माणसं गेली. तेव्हा तिथे कडाक्याची थंडी होती. आपली सुती साडी तिथे काय करणार? पण फंडा तोच. वस्तू नाही, पैसा. तिथे आधीपासून काम करणाऱ्यांच्या हातात. फॉरवर्ड होऊन आलेला क्यूआर कोड स्कॅन करू नका, संस्थेच्या साइटवर स्वतः जा. आपल्याकडची संस्था असेल तर तिला परदेशात खर्च करायची परवानगी आहे का, ते बिनधास्त विचारा. ऑफिसात एचआरला पटवा : बॉक्सऐवजी, आपण जेवढे देऊ तेवढेच कंपनीने घालावेत. आणि सगळं एकदम देऊ नका. निम्मं आज, निम्मं सहा महिन्यांनी. घरं बांधायला तेव्हाच सुरुवात होते.

खिसा रिकामा आहे? लॅपटॉप तर आहे! नेपाळच्या वेळी जगभरातल्या हजारो लोकांनी घरबसल्या सॅटेलाइट फोटो बघून ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते आणि घरं काढली. मदत पथकांनी ते नकाशे वापरले. शनिवारची दुपार, एक कप चहा, एवढंच भांडवल.

आणि सगळ्यात आधी आजूबाजूला बघा. सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा मोमोवाला, शेजारच्या फ्लॅटमधला अफगाण स्टुडंट. बातमी आली की त्यांना एकच विचारा : "घरचे कसे आहेत?" पुढची यादी ते सांगतील. तेवढं ऐकायला मात्र थांबा.