जहाजाचा ताळेबंद

मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले एक सागवानी जहाज आजही पाण्यावर तरंगत आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. श्रीलंकेतील बंदराचे नाव धारण करणारी ही युद्धनौका वाडिया घराण्यातील जमशेदजी बमनजी यांनी ब्रिटिश आरमारासाठी बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे आहे. युरोपात पाण्यावर असलेल्या युद्धनौकांत तीच सर्वांत जुनी. तिची एक प्रतिकृती मी मुलांच्या खेळण्यातील प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून उभारली. वाकोल्यातील आमच्या घरी ती दीड वर्ष पुस्तकांच्या कपाटावर उभी होती. त्या उभारणीने माझ्यापुढे जे प्रश्न मांडले, ते आपल्या समाजाच्या वाचकांपुढे ठेवावेत असे वाटल्यावरून हा लेख.

बँकेच्या सेवेत माझी बरीच वर्षे परकीय चलन विभागात गेली. आयात-निर्यातीच्या कागदांत बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, हा मुख्य दस्तऐवज. जहाजाचे नाव, निघण्याचे बंदर, पोचण्याचे बंदर, पेट्यांची संख्या, वजन, यांतला एकही तपशील जुळला नाही तर कागद परत जात असे. अशी हजारो जहाजे माझ्या टेबलावरून गेली, पण त्यांतले एकही मी डोळ्यांनी पाहिले नव्हते. कचेरी फोर्टात असल्याने लायन गेटवरून येणे-जाणे नित्याचे. त्या दरवाजाआड नौदलाची गोदी आहे. १७५० साली बांधलेली सुकी गोदी आणि १८१० मध्ये पूर्ण झालेली डंकन गोदी आतच आहेत, हे मी निवृत्तीनंतर वाचले. नातवाने मोठा झाल्यावर सोडून दिलेली लेगोच्या ठोकळ्यांची पेटी त्याच सुमारास माळ्यावरून खाली आली, आणि वाचन व ठोकळे यांची गाठ पडली.

वाडियांचे मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. पुढे दीडशे वर्षे त्यांच्या घराण्याने या गोदीत जहाजे बांधली. नेपोलियनबरोबरच्या युद्धांत इंग्लंडमध्ये ओक लाकडाची चणचण भासू लागली, तेव्हा आरमाराचे लक्ष मलबारच्या सागाकडे वळले. सागात तेल असते, त्यामुळे तो लवकर कुजत नाही आणि लोखंडी खिळ्यांनाही फारसा अपाय करीत नाही. ‘त्रिंकोमाली’चा आराखडा मुळात इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरून घेतलेला. मुंबईकडे निघालेली त्याची पहिली प्रत ‘जावा’ नावाच्या जहाजावर होती. ते जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने हरवले आणि मग ते जाळण्यात आले. आराखड्याची दुसरी प्रत पाठवावी लागली. एवढे होऊन जहाज बांधून इंग्लंडला पोचले १८१९ साली. वॉटर्लूची लढाई होऊन तोवर चार वर्षे लोटली होती. ज्या युद्धासाठी सारा खटाटोप केला ते संपलेले असल्याने नवे कोरे जहाज जवळजवळ पाव शतक राखीव म्हणून नुसते बांधून ठेवले गेले.

आता मापांकडे वळतो. प्रतिकृती ऐतिहासिकदृष्ट्या अचूक असावी असे म्हटले की पहिला प्रश्न प्रमाणाचा. ठोकळ्यावरच्या दोन गोल टिकल्यांमधले अंतर ८ मिलिमीटर. एक फुटास ४ मिलिमीटर असे प्रमाण धरले, तर एक टिकली म्हणजे बरोबर दोन फूट होतात. जहाजाच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे ७५ टिकल्या, अर्थात ६० सेंटिमीटर. रुंदी सुमारे ४० फूट, म्हणजे २० टिकल्या. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि चपट्या पट्टीची तिच्या एकतृतीयांश, ३.२ मिलिमीटर. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन टिकल्यांचे अंतरही तितकेच. हा मेळ ज्याला कळला त्याला ठोकळे आडवे, उभे, कुशीवर कसेही जोडता येतात. जहाजाची बाजू सरळ भिंतीसारखी नसते. पाण्याजवळ ती फुगते आणि वर जाताना पुन्हा आत झुकते, आपल्या तांब्यासारखी. ती वळणे चौकोनी ठोकळ्यांतून काढायची तर बाजूच्या पट्ट्या कुशीवर वळवूनच लावाव्या लागतात. दुसरी अडचण तळाच्या तुळईची. कोकणातले सुतार जिला पठाण म्हणतात ती तुळई ऐन मध्यावर हवी, आणि रुंदी २० टिकल्या, म्हणजे सम संख्या असल्याने मध्यावर टिकली येत नाही. त्यासाठी अर्ध्या टिकलीने सरकवणाऱ्या खास पट्ट्या मिळतात. गोंद लावायचा नाही आणि ठोकळा कापायचा नाही, हे दोन नियम मी आरंभीच घालून घेतले.

डोलकाठ्यांचे दोर मात्र ठोकळ्यांचे होऊ शकत नाहीत. जहाजांच्या प्रतिकृती करणारे पाश्चात्त्य कारागीर त्यासाठी पुष्कळदा रेशमी धागा वापरतात आणि त्याची लव बसावी म्हणून त्यावर मधमाश्यांचे मेण फिरवतात. आमच्या घरात दोन्ही वर्ज्य. मी सुती दोरा घेतला आणि त्याला तांदळाची पातळ खळ दिली. पावसाळ्यात दोर सैल पडतात व पुन्हा ताणावे लागतात, इतकाच फरक. वाकोल्याच्या छपरांवरून विमान उतरू लागले की ते सारे दोर एकदम थरथरत. नात म्हणे, आजोबा, वारा सुटला.

सांगाडा पूर्ण झाला, दोन्ही बाजूंना तोफांची चौदा-चौदा दारे मोजून बसवली, आणि त्या दिवशी आमच्या सौ.नी कामात पहिल्यांदा लक्ष घातले. ‘‘अहो, सुरीसुद्धा आपण कोणाच्या हातात देत नाही, खाली ठेवतो. आणि सामायिक करता त्या खोलीत तुम्ही अठ्ठावीस तोफा मांडणार?’’ मी म्हटले, खेळण्यातल्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘मग नसल्या तर काय अडेल? खेळण्यातलेच तर जहाज.’’

या प्रश्नाला माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे आठवे व्रत. प्रयोजन नसताना केलेली हिंसा टाळावी, आणि हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत, हा त्याचा आशय. त्याआधीच्या व्रतात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे ज्या व्यवसायांत जीवहिंसा अपार होते आणि जे श्रावकाने करू नयेत असे व्यवसाय. त्यांत वनकर्म आहे, म्हणजे जंगलतोडीवरचा धंदा. त्यांत विषवाणिज्य आहे, आणि विषाबरोबर शस्त्रांचा व्यापारही त्यातच धरतात. जहाजाकडे या दृष्टीने पाहिले तर नुसत्या तोफांपाशी थांबता येत नाही. मलबारची तोडलेली सागाची झाडे त्यात आली, आणि मुंबईच्या गोदीचा पुढचा सारा इतिहास आला.

त्याच जमशेदजींनी १८१३ साली ७४ तोफांची ‘कॉर्नवॉलिस’ बांधली. अफूच्या पहिल्या युद्धात ती चीनला गेली आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह तिच्याच डेकवर झाला. त्या तहाने चीनने हाँगकाँग इंग्रजांस दिले. ज्या अफूवरून हे युद्ध पेटले, तिचा एक मोठा भाग माळव्याची अफू. ती मुंबईहून जहाजांवर चढत असे, आणि चढवणाऱ्या व्यापाऱ्यांत पारशी होते, हिंदू होते, कोकणी मुसलमान होते, आणि जैनही होते. मोतीशा शेठांचे नाव आपण आदराने घेतो आणि ते रास्तच आहे. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर त्यांचे. पालीताण्यात कुंतासरची दरी भरून उभारलेली टूंक त्यांची. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाईंबरोबर मुंबईची पांजरापोळ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. पण ते जहाजांचे मालकही होते आणि चीनच्या व्यापारातले भागीदारही, आणि त्या व्यापाराचा मोठा जिन्नस अफू हाच होता.

मोतीशांच्या काळी अफूचा व्यापार कायद्याने मुभा दिलेला आणि प्रतिष्ठितांनी केलेला होता. दोनशे वर्षांनंतर वाकोल्यात पंख्याखाली बसून त्यांचा न्याय करण्याचा अधिकार मला नाही. परंतु मंदिर आणि पांजरापोळ जमेस धरायची आणि अफू वहीत लिहायचीच नाही, असा ताळेबंद मी बँकेत कोणाचाही मान्य केला नसता. येणे दाखवायचे आणि देणे झाकायचे, याला हिशेब म्हणत नाहीत. तोफांचेही तसेच. तोफा काढून टाकल्या असत्या तर माझे जहाज अहिंसक झाले नसते. ते फक्त खोटे झाले असते, आणि आपल्या व्रतांत सत्याचे स्थान अहिंसेला लागूनच आहे.

सौ.ना मी हे सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि दोन अटी घातल्या. जहाज सामायिकाच्या खोलीत राहणार नाही. आणि सोसायटीची मुले पाहायला आली की त्यांच्या हातात ते खेळायला द्यायचे नाही. त्यांना ज्या लाकडाचे ते बांधले त्याची आणि ज्यांनी बांधले त्यांची गोष्ट सांगायची, आणि तोफा कशासाठी होत्या तेही सांगायचे. दुसरी अट माझ्या युक्तिवादापेक्षा व्रताच्या अधिक जवळची होती. तोफा बसल्या. जहाज बाहेरच्या खोलीत गेले आणि शेजारी एक पाटी आली. तीवर जमशेदजींचे नाव आहे, मलबारच्या सागाचे आहे आणि तोफांच्या संख्येचेही आहे.

तिसरी अट मी स्वतः घातली. हा छंद परिग्रह वाढवणारा आहे. सुटे ठोकळे मिळत जातात, रंगांचे मोह पडतात आणि डब्यांवर डबे चढतात. म्हणून मी ठोकळ्यांचे परिमाण बांधून घेतले : साडेसहा हजार. यापुढे एकही अधिक घ्यायचा नाही. याचा अर्थ असा की दुसरे जहाज बांधायचे तर पहिले सोडवावे लागणार. पुद्गल शब्दाची फोड आपले शास्त्रकार पूरण आणि गलन अशी करतात, म्हणजे जे जुळते आणि विलग होते ते. दीड वर्षे जुळवलेले जहाज मी चार दिवसांत सोडवले. पहिल्या दिवशी हात जड झाला होता, हे सांगायला हवे. तोफांच्या काळ्या नळ्या एका डबीत निराळ्या ठेवल्या. आता नव्या जहाजावर त्या गोड्या पाण्याची पिंपे झाल्या आहेत.

हे नवे जहाज व्यापारी आहे. श्रीपाल राजाचा रास आपण ओळीच्या दिवसांत ऐकतो. त्यातील धवल शेठाची पाचशे जहाजे भरूचच्या किनाऱ्यावर अडकून पडतात ती कथा सर्वांना पाठ आहे. आपल्या पूर्वजांचा समुद्राशी संबंध किती जुना, हे त्यावरून कळते. पण आपल्या एखाद्या व्यापाऱ्याचे जहाज मापाने बांधायला घेतले की हात थांबतो. ब्रिटिश आरमाराने प्रत्येक नौकेचा आराखडा कागदावर काढला, आणि ग्रीनिचच्या संग्रहालयात असे हजारो आराखडे आज पाहायला मिळतात. आपल्या किनाऱ्यावरची कोटिया आणि बतेले मिस्त्रीच्या नजरेने बांधली जात. आराखडा त्याच्या डोक्यात असे आणि त्याच्याबरोबरच जाई. तोफा वाहणाऱ्या जहाजाची माप इंचापर्यंत मिळते, आणि कापूस, धान्य व खजूर वाहणाऱ्या जहाजाची मिळत नाही.

यावर एकच उपाय सुचला. कच्छमधील मांडवीला रुक्मावती नदीच्या काठी आजही लाकडी जहाजे बांधली जातात. मी तिथे चार दिवस राहिलो. आताच्या जहाजांना इंजिन असते, शिडे फारशी उरलेली नाहीत, पण सांगाडा उभा करण्याची रीत पाहायला मिळते. फासळ्या कोणत्या क्रमाने लागतात, फळ्या कशा वाकवतात, सांध्यांत कापूस कसा ठोकतात, हे मी पाहिले आणि परवानगी घेऊन टेपने मापे घेतली. त्या मापांवरून, आणि शिडाच्या काळातील छायाचित्रांवरून, कोटियाची प्रतिकृती आकार घेते आहे. दोन डोलकाठ्या, पुढे कललेली मोठी काठी, तिरक्या परबाणाला बांधलेले शीड आणि नाळेच्या टोकाला पोपटाचे डोके. पोपटाची चोच हिरव्या ठोकळ्यांतून जमली, तेव्हा सौ.नी पहिल्यांदा आपणहून सांगितले की ही सामायिकाच्या खोलीत ठेवली तरी चालेल.

एक विनंती करून लेख संपवतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबांत, विशेषतः कच्छ, काठेवाड, सुरत आणि कोकणच्या बंदरांतून मुंबईस आलेल्या घरांत, जुन्या वह्या-चोपड्या आहेत. त्यांत कोणत्या जहाजात किती भाग होता, कोणता माल कोणत्या बंदरी उतरला, नाखव्याला काय दिले, बुडालेल्या मालाचे काय झाले, याच्या नोंदी असू शकतात. घर बदलताना, दुकान विकताना, या वह्या सर्वांत आधी रद्दीत जातात. कृपा करून तसे करू नये. त्यांतली जहाजाविषयीची पाने वेगळी काढावीत, मोबाइलवर त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि जवळच्या ज्ञानभंडारात किंवा संग्रहालयात मूळ वही द्यावी. लिपी वाचता येत नसली तरी हरकत नाही, वाचणारे मिळतात. आणि एखाद्या पानावर अफूची पेटी निघाली, तर तेही पान फाडू नये.